माझ्या झाकणावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. माझा जन्म खोकल्याच्या गोळ्यांसाठी झाला. गोळ्या संपल्यावर दातांच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात आणलं आणि माझ्यात माशाचं खाणं भरलं. तेव्हापासून मी काचेच्या टाकीशेजारी बसतो. टाकीत एकच मासा, केशरी, गोल पोटाचा. त्याला सगळे ढोल्या म्हणतात. दाढदुखीने कळवळणारी मुलं त्याला बघून रडायचं विसरत. माझं झाकण वाजलं की तो वर झेपावे, आणि मी फुशारून जाई.

एका सकाळी ढोल्या उलटा तरंगताना दिसला. शेपटी मारून तो कसाबसा खाली जाई आणि बुचासारखा परत वर येई.

"मावशी, गेला वाटतं तो. पेशंट यायच्या आत उचला," डॉक्टर म्हणाले.

झाडलोट करणाऱ्या मावशी जाळी घेऊन आल्या आणि थबकल्या. "कल्ले हलतायत अजून. जिवंत जीव कचऱ्यात टाकायचं काम मला सांगू नका."

डॉक्टरांनी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "पोटातली हवेची पिशवी बिघडलीय. तिच्यावर मासा तोल सांभाळतो. खायला किती घालता?"

"सकाळी चिमूटभर. मीच घालतो."

मावशींनी मला उचलून हलवलं. आठवड्यापूर्वी गच्च भरलेला मी खुळखुळ वाजलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"दुपारी मी देते थोडं," काउंटरवरच्या ताई हळूच म्हणाल्या. "काचेशी येऊन बघत बसतो हो."

"आणि मी झाडताना," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, उपाशीच असेल."

तिघांचाही त्याच्यावर भारी जीव, आणि तिघांनी मिळून त्याला मरणाच्या दारात नेलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, पण दिवसातून तीनदा उघडलो म्हणून मी खूश होतो. आज त्याची लाज वाटते.

"कोरडे दाणे पोटात फुगतात, वर येऊन गिळताना हवाही आत जाते," दुकानदार म्हणाला. "तीन दिवस काही देऊ नका. पाणी बदला, जरा कोमट ठेवा, टाकी अर्धीच भरा. चौथ्या दिवशी उकडलेला वाटाणा, साल काढून. वाचेलच असं नाही सांगत."

मावशींनी जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी आणली आणि माझं झाकण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ढोल्या आडवा पडून काचेला तोंड लावत होता. डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचकटलं. उघडू नका हो, मी मनात विनवत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला बंद राहायचं होतं.

"डॉक्टर," दारातून मावशी म्हणाल्या, "दाढ काढल्यावर दोन तास खाऊ नका, असं पेशंटला कोण सांगतं?"

डॉक्टरांनी पट्टी परत दाबून बसवली.

चौथ्या दिवशी वाटाण्याचा इवलासा तुकडा पाण्यात पडला. गालावर हात धरून आलेला पेशंटसुद्धा टाकीपाशी उभा राहिला. ढोल्याने तुकडा टिपला. दुपारपर्यंत काहीच घडलं नाही. संध्याकाळी तो डुगडुगत सरळ झाला, तळाच्या खड्यांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मावशी मटकन खुर्चीत बसल्या आणि रडल्या.

ती पट्टी सोडवून आता माझ्या झाकणावर सपाट चिकटवलीय. जो खायला घालतो, तो तिच्यावर पेनाने त्या दिवसाची खूण करतो. दाणे आधी भिजवतात. मी दिवसातून एकदाच उघडतो.

मित्रांनो, मुक्या जिवाला खायला घालण्याआधी घरात एकदा विचारा, "आज कुणी घातलंय का?" मासा सांगू शकत नाही. आणि डबा वेळेवर वाजेलच असं नाही.