मूठभर जोंधळा

कालव्याला पाणी सुटलं.

माळावरचे कोल्हे कुठं गेले, कुणी विचारलं नाही.

शेजारच्या लालासाहेबाचं मोर हाकलणारं कुत्रं ट्रकखाली आलं.

आक्काताईंचे दात गेले, पाखरांना दाणे टाकायचा नियम राहिला.

भरतेशनं दुसऱ्यांदा पेरलेला रब्बीचा शाळूही मोरांनी कोंबासकट उपटला. तो बांधावर बसला तो बसलाच. उठायचंही जिवावर आलं होतं. कालव्याचं पाणी त्याच्या रानाला पोचत नव्हतं; जमिनीत एका पेरणीपुरती ओल जेमतेम उरली होती. तीही वाया गेली तर साल गेलं.

"भरतेश गड्या," शेजारच्या रानातून लालासाहेब ओरडला, "धरम तुमी पाळायचा आन मोर आमी, व्हय रं?"

भरतेश उठून घराकडं निघाला. त्याची आई, आक्काताई, लग्न होऊन कवठे महांकाळला आल्या तेव्हापासून पाखरांना दाणे टाकल्याशिवाय तोंडात घास घालत नव्हत्या. मुनिमहाराजांपुढं घेतलेला नियम. मोडायचा प्रश्नच नाही.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "आई, नियम किती दाण्याचा घेतलावतास?"

"मूठभर."

"मग हे सूपभर कवापास्नं?"

"मोर वाढलं की रं."

"आन मोर कशानं वाढलं?"

आक्काताईंनी सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या सकाळी तो तिसऱ्यांदा पेरून आला. आक्काताईंनी अंगणात एकच मूठ टाकली. दाणे संपले तरी मोर दाराकडं बघत उभे राहिले, आणि मग सगळे मिळून रानात शिरले.

आक्काताई भाकरीपुढं बसल्या. नियम झाला होता, पण घास उतरेना. ताट सारून त्या काठी टेकत रानात गेल्या. भरतेश मागोमाग.

"हाऽऽ! जावा रं, जावा!"

मोरांनी माना वर केल्या. आवाज ओळखीचा. पळत पळत सगळे त्यांच्याकडंच आले.

लालासाहेबाची हसून पुरेवाट. "आवं काकू, हाकलताय का जेवाय बोलवताय?"

आक्काताई हसल्या नाहीत. मोर त्यांच्या पायाशी होते. पेरलेल्या तुकड्यात एकही नव्हता.

"खुर्ची आन," त्या भरतेशला म्हणाल्या. "तिकडं बिनपेरल्या पडकात बसते. शाळू गुडघ्याला लागंस्तवर."

"महिना जाईल आई."

"जाऊ दे. भाकरी बी तितंच दे."

त्यानं खुर्ची पडकात मांडली. मोर तिकडं गेले. आक्काताईंनी अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली टाकायला हात पुढं केला, आणि मूठ मिटून परत घेतला.

त्याच साली, पेरणीआधी मृगात, बोरीच्या जाळीत लांडोरीनं सहा अंडी घातली होती. चार मुंगसानं खाल्ली; कोल्हे गेले, तरी मुंगूस होतं.