सोळा थरांचं छप्पर

गाडीचं छप्पर करायला कुणी शिंप्याला बोलावतं, हे मामांच्या बायकोला तीन महिने झाले तरी पटत नव्हतं. पण होतं खरं. राळ पाजलेलं कार्बनचं काळं कापड साच्यात थरावर थर बसवायचं, सुरकुती पडू द्यायची नाही, मग साचा भट्टीत. पत्र्याचं छप्पर अकरा किलोंचं, हे पाचाच्या आत. कापड बसवण्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्यांचं स्वतःचं शिवणकामाचं दुकान कधीच बसलं होतं आणि या कारखान्यातली नोकरी अजून कच्ची होती. मालकांनी स्वच्छ सांगितलेलं, "आजचं छप्पर गाडीकंपनीनं घेतलं तर तुम्ही कायम. नाहीतर आपला नमस्कार."

कामाचा नियम एकच. प्रत्येक थराच्या पाठीला निळी फिल्म असते. ती सोलायची आणि फळ्यावर चिकटवायची. थर सोळा, फिल्म सोळा. एखादी आत राहिली तर छप्पर वरून चकाचक आणि आतून सुटं. कधी दगा देईल नेम नाही.

छप्पर भट्टीत गेल्यावर मामांनी फळा मोजला. पंधरा. चष्मा पुसून मोजला, तरी पंधराच. केराची टोपली उपसून झाली, सगळ्यांच्या चपलांचे तळ बघून झाले. शेवटी मालकांना सांगितलं.

"उडाली असेल कुठेतरी," मालक म्हणाले. "तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं."

चार वाजता कंपनीच्या तपासणीस बाई आल्या. छप्पर काट्यावर ठेवलं. ठरलं होतं चार किलो आठशे, भरलं साडेचार. मालकांची कळी खुलली. ही आमच्या भट्टीची करामत, म्हणाले. आमची राळ, आमची शिस्त! अजून थोडा वेळ बोलले असते तर वजन शून्यावर आणलं असतं.

गप्प बसलं की नोकरी पक्की, हे मामांना कळत होतं. पण त्या छपराखाली कुणाची तरी पोरंबाळं बसणार, हे काही डोक्यातून जाईना.

"बाई, आत एक फिल्म राहिलीय. माझ्या हातून."

मालकांचा चेहरा पडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, फिल्म राहिली तर वजन वाढेल. हे तर कमी भरलंय. कापा बघू."

कापलं. बाईंनी कडेला भिंग धरून थर मोजले. पंधरा. सोळावा टेबलावर, कापड बेतायच्या कागदी मापाखाली निघाला, निळ्या फिल्मसकट, निवांत पडलेला.

"अख्खा थर विसरलात?" मालक कडाडले. "उद्यापासून येऊ नका!"

बाईंनी वहीत 'नापास' लिहिलं. "या आठवड्यात मी तीन कारखान्यांतली छपरं पास केली. तिन्ही ठरल्यापेक्षा हलकी. कुणी चकार शब्द काढला नाही." त्यांनी फोन लावला. "ती तिन्ही कापून बघा. हो, आत्ताच." मग मालकांकडे वळल्या. "तुमचं पुढचं कधी देता?"

"दहा दिवसांत."

"करणार कोण?"

मालकांनी मामांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "हेच. आमचे कायमचे कारागीर आहेत."

"केव्हापासून?"

मालकांनी घड्याळात बघितलं. मामा मटकन स्टुलावर बसले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.