कुशाबांचा टाक

मी कुशाबा बोलतोय. निदान बोरी बुद्रुकमध्ये तरी मला याच नावाने हाक मारतात. खरं म्हणजे मी रोमचं चांदीचं नाणं. माझ्यावर दाढीवाल्या सम्राट अँटोनिनसचा चेहरा आहे. तो वारला, तेव्हा त्याच्या दत्तक लेकाने त्याला देव मानलं आणि त्याच्या आठवणीसाठी मला टांकसाळीत पाडलं. पाठीवर गरुडही दिला. दिसायला मी रुबाबदार होतो, उगीच कशाला लाजू?

जहाजातून आलो, व्यापाऱ्याच्या पिशवीतून नाणेघाट चढलो आणि इथल्या मातीत कुठेतरी निसटलो. मग शतकानुशतकं नुसता अंधार.

तीस वर्षांपूर्वी कांद्याच्या वाफ्यात सोमाजीच्या कुदळीला लागलो. त्याचे वडील कुशाबा नुकतेच गेले होते. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवायची इथली रीत. सोमाजी सोनाराकडे निघायच्या बेतातच होता. मला पुसून बघतो तर दाढी तीच, नाकही तेच!

"बाबा सोताच आलं," म्हणून तो रडायलाच लागला.

तेव्हापासून त्याची बायको बायडाबाई मला सांभाळते. चिंच लावून इतकं घासते की माझं नाक निम्मं झिजलं. पण नैवेद्य एकदाही चुकला नाही. सोमाजी गेल्यावरही नाही.

परवा तिची सून सोनल देव्हारा पुसत होती. ती शाळेत इतिहास शिकवते. माझ्या अक्षरांच्या खाचांत भंडारा बसला होता, त्यामुळे अक्षरं पिवळीधमक उठून दिसली. सोनल भिंग घेऊन आली आणि थबकलीच.

"आई, हा टाक नाहीये. रोमचं नाणं आहे. सरकारला कळवावं लागेल."

बायडाबाईने मला ओंजळीत घेतलं. "म्हंजी तीस वरसं मी परक्यालाच निवद दावला व्हय गं? आन् मामंजी उपाशी?"

मला तोंड असतं तर मी तिथेच माफी मागितली असती.

"यावर 'दिवुस अँटोनिनस' लिहिलंय," सोनल हळूच म्हणाली.

"दिवस? कुनाचं दिवस घातलं?"

"दिवस नाही, दिवुस. मेल्यावर देव झालेला. हा राजा वारला, तेव्हा लेकाने त्याला देव केलं आणि चांदीवर त्याचा चेहरा उठवला."

बायडाबाईने डोळे पुसले. "लेकानं बापाला चांदीत बसवला. मंग ह्यो टाकच की गं! मामंजींचा नसंल, पन कुनाच्या तरी बापाचा हाय. उपाशी कुनीच न्हाई ऱ्हायलं."

आज मला जुन्नरच्या कचेरीत नेणार आहेत. सकाळी तिने मला आंघोळ घातली, दूधभात दाखवला, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. आता तिला ठाऊक होतं मी कोण ते. तरीही म्हणाली, "मामंजी, संबाळून जावा."

मला घडवणाऱ्या लेकाचं घराणं केव्हाच संपलं. तिकडे त्या बापाला आता कुणी घासभर भात दाखवत नाही. इथे मला मात्र सून मिळाली.

सूनबाई, येतो.