वरून धड, आतून पोकळ

मी एक जुना रस्ता आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मधून वळणे घेत मी खोऱ्यातली लहान लहान गावे जोडत जातो. मित्रांनो, रस्त्याला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण मी फार भित्रा आहे. मला पाण्याची भीती वाटते.

आधी मी नुसती पायवाट होतो. मग कामकऱ्यांनी कडा फोडला, खडी पसरली, डांबर ओतले. पहिली बस आली तेव्हा बायकांनी वाकून मला हात लावून पाहिला. "किती गुळगुळीत गं!" मी हरखून गेलो. डोंगराचे पाणी माझ्याखालून नदीला जावे म्हणून मोऱ्याही बांधल्या होत्या. त्यांचे कौतुक मात्र कोणी केले नाही.

पुढे वर डांबराचे थर चढत गेले आणि खाली मोऱ्या पिशव्यांनी, फाटक्या पोत्यांनी तुंबत गेल्या. अडलेले पाणी माझ्या पोटात शिरले आणि माती ओढून नेऊ लागले. एका वळणाखाली पोकळी वाढत चालली. प्रत्येक चाकागणिक माझा जीव वरखाली होई. ओरडायला मला तोंड कुठे?

एका सकाळी नदी फुगली होती. दूधवालीचा टेम्पो वळण ओलांडून करकचून थांबला. चाकाखाली रस्ता दबल्याचे तिला जाणवले होते. तेवढ्यात समोरून बस आली. तिने टेम्पो सरळ आडवा घातला. बसचा चालक तिचा धाकटा दीर होता.

"वहिनी, हे काय भलतंच? गाडी भरलीय माझी!"

"भाऊजी, वळणावर रस्ता दबतोय. आधी उतरून बघा."

"कालच तर गेलो की इथून!"

प्रवासी कावले. "बाईला गाडी वळवता येईना, दुसरं काय!" कोणीतरी खिडकीतून म्हणाले. दीर तरातरा वळणावर आला आणि तिला खोटे पाडायला त्याने जोरात पाय आपटला.

नको रे बाबा, नको! मी उरलीसुरली माती आवळून धरली.

रिकाम्या पिंपावर थाप पडावी तसा आवाज आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाऊल उचलायलाही तो धजेना.

"वहिनी..."

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा. हात द्या."

तिने त्याला खेचून घेतले. बस मागे हटली, तिच्यामागोमाग टेम्पोही वळणापासून दूर गेला, माणसे उतरली. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी तुटलो. कठड्यासकट अख्खे वळण नदीत गेले. मग दूधवालीने कॅन उघडला आणि ती एकेकाला दूध देऊ लागली. कॅन दिराने धरला.

आता मला पुन्हा सांधले आहे. तिथे नवी, मोठी मोरी आहे. पण पलीकडच्या वळणाखाली अजून कोणी उतरून पाहिलेले नाही. तिथली माती मला कालपासून ओलसर लागते आहे. मित्रांनो, वेळ आहे तोवर या. एकदा वाकून पाहा.