सिर्काला कुठे जेवायला न्यायचं?

ताइस्तो राउतामा हा माणूस बढाया मारणाऱ्यांतला नव्हे. जन्मात एकदाच त्याने मोठी थाप मारली आणि नेमकी सिर्कासमोर मारली.

शनिवारचा नाच रंगात आला होता. आमच्या थंड देशातल्या कोउवोला गावाबाहेर तळ्याकाठी लाकडी मांडव आहे. उन्हाळ्यात तिथे अकॉर्डियन वाजू लागलं की साठी उलटलेली माणसं अशा गिरक्या घेतात की पोराटोरांनी तोंडात बोट घालावं. मधल्या सुट्टीत ही दोघं भाजलेलं सॉसेज खात उभी होती. ताइस्तो कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सिर्का शाळेची बस चालवायची. तिचाही नवरा, मार्ती, गेलेला.

"जन्मभर आपलं सॉसेज आणि बटाटा, बटाटा आणि सॉसेज," सिर्का म्हणाली. "वीट आला बाई! गावात ती नेपाळी हॉटेलं निघालीत, एकदा जायचंय मला. तू गेलायस कधी?"

मिरपुडीपलीकडचं तिखट ज्याच्या जिभेला ठाऊक नाही, तो हा गृहस्थ छाती काढून म्हणाला, "कधी काय? नेहमीच जातो मी!"

"अरे वा! मग ने की मला शुक्रवारी. हॉटेल तू निवड, तुला कळतं त्यातलं."

झालं! घरी येईपर्यंत ताइस्तोचे पाय जमिनीवर नव्हते आणि घरी आल्यावर जागच्या जागी गार पडले. कारण गोष्ट नुसत्या जेवणाची नव्हती. उन्हाळ्याच्या मध्याचा आमचा मोठा सण तोंडावर आला होता, आणि त्या सणाला सिर्काला आपल्या तळ्याकाठच्या उन्हाळी झोपडीवर बोलवायचं, असं त्याच्या मनात कधीचं घोळत होतं. आमच्याकडे बाईला झोपडीवर बोलावणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. ती आली म्हणजे आली, मग पुढचं काही विचारावं लागत नाही. आणि सिर्काला तिच्या चुलतबहिणीने सणासाठी लांब तुर्कू शहरात बोलावलं होतं. रविवारी ती तिला होकार कळवणार होती. म्हणजे जे काही विचारायचं ते शुक्रवारी, त्या जेवणावर. ते जेवण फसलं तर सिर्का चालली तुर्कूला.

त्याने आपला मित्र काउको याला गाठलं. काउको प्रत्येक विषयातला जाणकार, विशेषतः न कळणाऱ्या विषयांतला.

"तीन हॉटेलं आहेत," काउको म्हणाला. "तिन्हींत जाऊन जेव आधी. चाचणी घे. गिरणीत नवं यंत्र घेताना घ्यायचो तशी."

"आणि काय बघू?"

"ते मी काय सांगू? मी कुठे गेलोय!"

सोमवारी सकाळी अकराला, म्हणजे आमच्या जेवणाच्या वेळेला, ताइस्तो पहिल्या हॉटेलात शिरला. दुपारी तिथे सगळं मांडून ठेवलेलं असतं, आपलं आपण वाढून घ्यायचं. ताइस्तोने भात घेतला. नारंगी रश्श्यातली कोंबडी घेतली. तेवढ्यात टोकाच्या भांड्यात ओळखीची वस्तू दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खिम्याचे गोळे! गोल, तपकिरी, अगदी आईच्या हातचे वाटावेत असे. त्याने चांगले पाच-सहा उचलले, भातावर मांडले आणि वरून कोंबडीचा रस्सा ओतला.

ते गुलाबजाम होते.

पहिला घास तोंडात गेला आणि ताइस्तो थबकला. पण ताटात घेतलेलं टाकायचं नाही ही शिकवण हाडात मुरलेली, आणि कुणाला काही विचारायचं नाही ही तर त्याहून आत मुरलेली. त्याने खाली मान घालून पाकातले सगळे गोळे रश्श्यात बुडवून बुडवून संपवले. शेजारच्या टेबलावरची पोरगी घास हातात धरून बघत होती. ताइस्तोने तिच्याकडे बघून हे असंच खातात अशी मान हलवली. ती बिचारी उठली आणि तशीच वाढून घेऊन आली.

मंगळवारी दुसरं हॉटेल. तिथलं जेवण ओळीने पहिल्यासारखंच, भिंतीवरच्या चित्रातला डोंगरही तोच. बुधवारी तिसरं. तेच! तोच भात, तीच नारंगी गोडसर कोंबडी, तीच नान. ताइस्तोला घाम फुटला. निवडायचं तरी कशावरून? ते गुलाबजाम सोडले तर तिन्ही ठिकाणी त्याने फक्त ती कोंबडी खाल्ली होती, आणि ती तिन्हीकडे लहान मुलांनाही चालावी इतकी बिनतिखट होती. नेपाळी जेवण हे असं असतं तर उगीच घाबरलो, असं म्हणत त्याने शेवटी कॉफी ओतून घेतली.

आणि कॉफी फक्कड निघाली! पहिल्या दोन ठिकाणची काळं पाणी होती, ही दाट, ताजी, कडक. मालकीण दिलमाया गुरुङ स्वतः किटली घेऊन आली आणि म्हणाली, "आणखी घे."

ठरलं. जगात दुसरा कुठला निकष ताइस्तोला मान्यच नव्हता. ज्यांना कॉफी करता येते त्यांना सगळं येतं, असं त्याने काउकोला फोनवर ठणकावून सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी सिर्का निळा झगा घालून आली. ताइस्तोने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शब्द घोकून ठेवले होते: सिर्का, सणाला माझ्या झोपडीवर येशील का? सहा शब्द. कोंबडी खाऊन झाली की म्हणायचं, मग कॉफी.

पण संध्याकाळी मांडून ठेवलेलं काही नव्हतं. संध्याकाळी पदार्थ नावावरून मागवावे लागतात हे त्या चाचणीवाल्याला माहीतच नव्हतं! दिलमायाने दोघांपुढे जाडजूड यादी ठेवली. ताइस्तोने डोळे मिटल्यासारखं करून एका नावावर बोट ठेवलं. चोइला. भाजलेलं मांस, मिरची आणि मोहरीचं तेल.

"छान," सिर्का म्हणाली. "मलाही तेच."

"किती तिखट करू?" दिलमायाने विचारलं. "कमी, मध्यम की जास्त?"

आता इथे तुम्हाला एक सांगायला हवं. असा प्रश्न आमच्या माणसाने आयुष्यभर एकाच जागी ऐकलेला असतो, सॉनात, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीत, तापलेल्या दगडांवर पाणी ओतताना. आणि तिथे "कमी" म्हणणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. कातडी सोलून निघाली तरी वरच्या फळीवर बसायचं आणि "ओत आणखी" म्हणायचं. पहिला जो खाली उतरला तो हरला. ताइस्तोच्या तोंडून आपसूक निघालं, "जास्त."

"मलाही जास्त," सिर्का लगेच म्हणाली. तीही त्याच मातीतली.

"तुम्ही घरी खाता तेवढं," ताइस्तोने भर घातली.

दिलमायाच्या भुवया वर गेल्या. "नक्की? घरी आम्ही ती जहाल डल्ले मिरची घालतो हं."

नक्की, असं विचारल्यावर माघार? शक्यच नाही. "नक्की," दोघंही एकदम म्हणाली.

पहिल्या घासाला काही झालं नाही. ताइस्तोने विजयी मुद्रेने सिर्काकडे पाहिलं. दुसरा घास गिळला आणि मग बाबांनो, जे काही आलं! जीभ, टाळू, कान, डोक्यावर उरलेले चार केस, सगळ्याला एकदम आग लागली. त्याने पाण्याचा ग्लास रिकामा केला. तापल्या दगडावर पाणी ओतलं की व्हायचं तेच झालं, आग दुप्पट.

समोर सिर्का शांतपणे चावत होती. तिचं नाक लाल झालं होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"आहे," ताइस्तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"तू नेहमी हेच घेतोस?"

"बहुतेक."

आणखी एक घास. आणखी एक. ताइस्तोला घोकलेले शब्द आठवेनात. झोपडी आठवत होती, पण ती झोपडी जळताना दिसत होती. दिलमाया लांबून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. आंब्याच्या लस्सीचा एक भला मोठा पेला तिने आणून टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवला.

"ज्याला हवा त्याने घ्यावा," म्हणाली आणि निघून गेली.

पेल्यावर गार दव जमलं होतं. दोघांनी पेल्याकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हात लावेना. शर्यत आता उघड लागली होती, आणि आजूबाजूची माणसं आपलं जेवण विसरून बघायला लागली होती. पहिल्या दिवशीची ती गुलाबजामवाली पोरगीही होती आणि ती ताइस्तोकडे गुरूकडे बघावं तशी बघत होती.

ताइस्तोने पुढचा घास उचलला. काटा तोंडापर्यंत नेला. आणि खाली ठेवला.

"सिर्का," तो म्हणाला, "मला नाही जमत. हरलो मी."

ताइस्तोने ताट पुढे सारलं.

"आणि आणखी ऐक. मी नेहमी येतो म्हणालो ते साफ खोटं. या आठवड्यात पहिल्यांदा आलो. तिन्ही हॉटेलांत जाऊन ती गोड कोंबडी खाल्ली आणि हे हॉटेल निवडलं ते कॉफी चांगली म्हणून. मला यातलं ओ की ठो कळत नाही. माझं तोंड भाजलंय, पोट भाजलंय, आता आणखी एक घास खाल्ला तर तू मला दवाखान्यात घेऊन जाशील."

त्याला वाटलं, संपलं. ही आता रविवारी तुर्कूला होकार कळवणार, आणि कळवावाच.

"नक्की हरलास?" सिर्काने विचारलं.

"नक्की."

"पक्कं? मागनं बदलणार नाहीस?"

"अगं, नाही म्हटलं ना!"

"मग दे इकडे तो पेला!"

असं म्हणून तिने झडप घातली आणि अख्खी लस्सी एका दमात घटाघटा प्यायली. मग पेला आपटून ती हसायला लागली. अशी हसली की निळा झगा हलायला लागला, हसता हसता रडायला लागली, आणि ताइस्तोला त्यातलं तिखटाचं किती आणि दुसरं किती ते कळेना. दिलमायाने धावत जाऊन दुसरा पेला आणला. तो ताइस्तोने संपवला. सगळं हॉटेल हसत होतं.

"मरत होते रे मी!" सिर्का म्हणाली. "तिसऱ्या घासापासून मरत होते. पण तू बोलत नव्हतास ना."

मग तिने रुमालाने नाक पुसलं आणि रिकामा पेला बाजूला सारला.

"माझा मार्ती," ती म्हणाली, "कधी म्हणाला नाही रे, मला जमत नाही म्हणून. सॉनात नाही, बर्फ उपसताना नाही. छातीत दुखत होतं तेव्हाही नाही. ठीक आहे, ठीक आहे, असंच म्हणत गेला. मी शेजारी बसलेली आणि मला कळलंसुद्धा नाही." तिने टेबलावरचा ताइस्तोचा हात धरला. "तू सगळ्या लोकांसमोर म्हणालास."

ताइस्तोने तो हात तसाच धरून ठेवला. घोकलेलं तर कधीच जळून गेलं होतं.

"संडास बाहेर आहे," तो म्हणाला. "झोपडीचा. वीज नाही. डास पुष्कळ. सणाला म्हणतोय मी."

"जेवायला काय करणार आहेस?"

"उकडलेले बटाटे."

सिर्काने पर्समधून फोन काढला आणि तिथल्या तिथे, रविवारची वाट न बघता, तुर्कूच्या बहिणीला लावला. "हॅलो, मी बोलतेय," ती म्हणाली. "नाही गं, रडत नाहीये, जेवतेय. ऐक, मी काही येत नाही तिकडे."