त्रिंबक के. एस. यांचे अकरा निबंध

प्राणिशास्त्राच्या सुग्रीव खरात सरांना बढतीसाठी सात शोधनिबंध दाखवायचे होते आणि अर्ज शुक्रवारी बंद होणार होता. यादी हातानं लिहून चालणार नव्हती. ती जागतिक नोंदसंग्रहातूनच काढायची, असा प्राचार्यांचा नियम. काम माझ्याकडे आलं, कारण मी रसायनशास्त्र शिकवत असले तरी मला थोडं प्रोग्रामिंग येतं. अशा संग्रहाला एपीआय नावाचं मागचं दार असतं. प्रोग्रामनं तिथं लेखकाचं नाव पाठवायचं, की त्याच्या निबंधांच्या नोंदी येतात.

मी 'खरात' पाठवलं. बरेच खरात आले, आमचे आले नाहीत.

सर म्हणाले, अकरा निबंध आहेत, कपाटात छापील प्रती आहेत. प्राचार्य म्हणाले, कपाट ग्राह्य नाही.

मग मी नावाऐवजी निबंधांची शीर्षकं पाठवली. अकराच्या अकरा मिळाले. लेखक: त्रिंबक के. एस.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून हजेरीपटापर्यंत आडनाव आधी असतं. सरांनीही नियतकालिकांना तसंच कळवलं होतं, खरात सुग्रीव त्रिंबक. संग्रहाच्या लेखी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, आधीचे शब्द म्हणजे नुसती आद्याक्षरं.

त्रिंबक हे सरांचे वडील, आबा. ते कुंभार पिंपळगावला मेंढ्या राखतात. शाळेत कधी गेले नाहीत.

दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन पाच मिनिटांचा होता, पण प्राचार्यांना आधी वडिलांचं ना-हरकत पत्र हवं होतं. उद्या त्यांनी हक्क सांगितला तर काय, हा त्यांचा प्रश्न. साक्षीदार म्हणून मला सरांबरोबर पाठवलं.

आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पहिल्या निबंधात काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं, मेंढ्यांच्या पोटातले जंत कोणत्या महिन्यात वाढतात आणि कोणत्या पाल्यानं कमी होतात.

"मेंढ्या कुणाच्या व्हत्या रे?"

"तुमच्याच, आबा," सर म्हणाले.

"अन् पाला कुणी दावला?"

सरांनी आबांकडेच बोट केलं.

"मंग बाई, तुमचं मशीन बराबर बोलून राह्यलं. ह्योच लबाड हाये."

सरांनी बढतीचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं.

"बाकीचे धा घे. त्यात काय हाये, मला ठावं न्हाई. येवढा एक ऱ्हाऊ दे."

मी पत्रात 'अकरा' खोडून 'दहा' केलं. आबांनी अंगठा दिला.

सातच लागत होते, दहा निघाले. बढती झाली. पुढच्या महिन्यात महाविद्यालयाच्या अहवालासाठी मी प्रत्येक निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला तेही मागवलं. खरातांच्या दहांना मिळून चार. त्रिंबकांच्या एकाला सदतीस.

अहवालात फक्त कर्मचाऱ्यांच्या निबंधांचे संदर्भ धरतात, म्हणजे आबांचे सदतीस बाद. आबांना एखाद्या मानद पदावर घेता येईल का, हे विचारून यायला प्राचार्यांनी सरांना सांगितलं.

"मी नाही जाणार," सर मला म्हणाले. "ते हो म्हणतील."