उथळ पाण्यातली चाचणी

"भंगार आहे हे, ताई. देऊन टाक परत दुकानात."

धाकटा भाऊ असं म्हणाला आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडिलांची, अप्पांची, नजर अधू झाली, म्हणून बोटीवर मासळी दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. बहीणभावांनी एकेक चाचणीपुरतं आणलं. पाण्यात आवाज सोडायचा आणि उलटून आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र उमटवायचं, एवढंच त्याचं काम. दोन्हींचे ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारे आणि ऐकणारे भाग, दोन-दोन फ्रिक्वेन्सीचे. भावाचा पन्नास-दोनशे किलोहर्ट्झचा, ताईचा त्र्याऐंशी-दोनशेचा. अप्पांची अट साधी होती: ज्याचं यंत्र राहील तो पडद्यापाशी बसेल, दुसरा जाळं ओढेल. लग्नाआधीपासून जाळं ओढत आलेल्या ताईला ती खुर्ची हवी होती. लाजायचं काय त्यात?

खाडीत पाणी जेमतेम दोन पुरुष खोल. भावानं ताईचं यंत्र बंद ठेवून आधी आपलं लावलं. पन्नासवर गवत, गाळ, मासळी सगळ्याचा एकच लगदा. दोनशेवर जरा बरं. मग ऊन नको म्हणून आपल्या पडद्यावर टॉवेल टाकून त्यानं ताईचं दोनशेवर सुरू केलं. पडदाभर तिरक्या रेघाच रेघा! तेव्हाच त्यानं ते 'भंगार' उच्चारलं होतं.

ताईनं यंत्र बंद केलं आणि तारा सोडवायला वाकली. तरी फळीखालून बारीक टिक्‌टिक्‌ येतच होती. तिनं जाऊन टॉवेल उचलला. खाली भावाचं यंत्र सुखानं चालू, तेही दोनशेवर.

"हे काय रे?"

"अगं, राहिलं असेल बंद करायचं."

"माझं बंद करायचं बरं राहिलं नाही! दोन्ही यंत्रं एका सुरात ओरडायला लागली तर माझ्या यंत्राला तुझाच गोंगाट ऐकू येणार. आणि वर भंगार म्हणतोस?"

"जाऊ दे गं," अप्पा म्हणाले. "भाऊच आहे. दोन्ही ठेवू, रुसवेफुगवे नकोत."

या 'जाऊ दे'त तिची निम्मी हयात गेली होती. तिनं भावाचं यंत्र बंद केलं, आपलं सुरू केलं. रेघा गायब. तळ स्वच्छ, त्यावर उभं गवत, आणि गवताच्या वर सुटी सुटी मासळी. त्र्याऐंशीचा झोत रुंद, त्यावर टाकलं तर आजूबाजूचीही दिसली. ताई खुर्चीत ऐसपैस बसली.

"दिसतंय का काही?" अप्पांना दम निघेना.

"ढीगभर."

"कुठं?"

"आधी यानं मघाचा शब्द मागे घ्यावा."

"ताई, मासळी जाईल ना!" भाऊ कळवळला.

"जाऊ दे."

भावानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा या वेळी मदतीला आले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडं.

"बरं, नाहीये भंगार," तो पुटपुटला.

"आणि?"

"आणि चुकलं माझं! झालं समाधान?"

"नाही झालं. डाव्या अंगाला टाक जाळं," ताई म्हणाली. तिचे कान अजून तापलेलेच होते, पण मासळी काही त्यासाठी थांबणार नव्हती.